आतेमामे लग्न आणि लेवीय १८: शापाची भाषा थांबवा

नगरची_लेक
काल 'सेवक' बंधूंनी लिहिलं, "मामेबहिणीशी लग्न हा लेवीय १८ चा भंग आहे. अशा घरावर शाप येतो." खाली आमेनची रांग लागली. माझे आईवडील आतेमामे भावंडं. त्यांचं लग्न मंडळीतच (चर्चमध्येच), पाळकांच्या हस्ते लागलं. म्हणून बोलते.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा हा १८ वा अध्याय उघडा आणि वाचा. कोणत्या नात्यांत शरीरसंबंध मना आहे, त्यांची ही यादी. आई, सावत्र आई, बहीण, नात, आत्या, मावशी, चुलती, सून, भावजय, बायको जिवंत असताना तिची बहीण. मामेबहीण कुठे आहे यात? लेआ आणि राहेल, याकोबाच्या दोघी बायका, त्याच्या सख्ख्या मामाच्या मुली. सलाफहादाच्या मुलींनी चुलतभावांशी लग्नं केली, तीही मोशेने सांगितल्याप्रमाणे (गणना ३६). जे वचनात नाही ते देवाच्या नावावर खपवू नका.

वसईकर
ताई, घडलं ते सगळंच नियम होत नाही. अब्राहामाची बायको सारा त्याची सावत्र बहीण होती. मोशेचा बाप अम्राम, त्याने तर आत्याशीच लग्न केलं. ते चालेल का? याकोबाने दोन सख्ख्या बहिणी नांदवल्या, त्याला पुढे लेवीय १८:१८ ने बंदी घातली. आम्हा कॅथलिकांत मामे, चुलत, मावस सगळ्यांना अडथळा आहे, चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन १०९१. बिशपांची सूट आणल्याशिवाय लग्न लागत नाही.

नगरची_लेक
सूट मिळते, कारण तो चर्चने केलेला नियम आहे. सख्ख्या बहीणभावांना कुठला बिशप सूट देईल? फरक तुमच्याच कायद्यात आहे.

सिस्टर_ज
मी वॉर्डात काम करते. माझ्या चुलतभावाने मामेबहीण केली, मुलाला थॅलेसेमिया मेजर, रक्ताचा आनुवंशिक आजार. दर महिन्याला रक्त चढवतात. वचनं नंतर काढा, आधी त्या पोराकडे बघा.

नगरची_लेक
वाईट वाटलं, मनापासून. पण दोघं या आजाराचे वाहक असले की परक्या घरातल्या जोडप्याच्या मुलालाही तेच होऊ शकतं. नात्यात शक्यता वाढते, हे मान्य. मग लग्नाआधी रक्त तपासा असं सांगा. त्या आईला शापित कशाला म्हणायचं?

धाकटी
इतका वेळ वाचतेय, आता राहवत नाही. कोण कोणाशी लग्न लावू शकतो यावरच तुमचं भांडण. अहो, त्या यादीतली बहुतेक माणसं एकाच घरात झोपणारी आहेत. सून, नात, सावत्र बहीण! घरातल्या बाईमाणसाला घरातल्याच पुरुषापासून जपायला ती यादी आहे. मी लहान असताना घरातल्याच एका वडीलधाऱ्याने माझ्याशी जे केलं, त्यावर आमच्या मंडळीत एकदाही प्रवचन झालं नाही. मी तोंड उघडलं तेव्हा उत्तर मिळालं, "क्षमा कर, घराची अब्रू जाईल."

सेवक
बहिणीबद्दल सहानुभूती आहे. पण धागा लग्नाचा आहे. घरातल्या गोष्टी चारचौघांत मांडून मंडळीची जगापुढची साक्ष बिघडते.

धाकटी
साक्ष बिघडते? २ शमुवेल १३ वाचा. दावीद राजाचा मुलगा अम्नोन, त्याने आजारी असल्याचं सोंग केलं आणि सावत्र बहीण तामारेला त्याच्या घरी पाठवलं ते खुद्द बापाने, दावीदाने. तिथे अम्नोनाने तिच्यावर बलात्कार केला. ते कळल्यावर दावीद रागावला, एवढंच लिहिलंय. शिक्षा केली नाही. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणाला, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दोन वर्षांनी अबशालोमाने चाकरांकरवी अम्नोनाला मारवलं. बापाने गप्प बसून कोणतं घर वाचवलं?

सिस्टर_ज
धाकटी, तुझ्या बाजूने आहे. आणि सेवक, मूल सांगत असेल तर क्षमेचा प्रश्नच नंतरचा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२, कलम १९: ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. यातून पाळकही सुटत नाहीत.

वसईकर
आतेमामे लग्नाला माझा विरोध आहे आणि राहील. पण ही ताई म्हणते ते खरं आहे. आमच्याकडेही लग्नाआधी नात्याची चौकशी कसून होते. लग्नानंतर त्या घरात काय चाललंय, हे कोणी विचारत नाही.

सेवक
ठीक आहे, 'शाप' शब्द मागे घेतो. बाकी मत तेच. येत्या रविवारी प्रवचन माझ्याकडे आहे. तामारेचा उतारा घ्यावा का, हे पाळकांना विचारून ठरवीन.

धाकटी
पवित्र शास्त्रातला अध्याय वाचायला परवानगी कसली मागताय?