मदत हवी आहे: प्लास्टिकच्या संडास भांड्यात घाण चिकटून रायते, अर्जंट

भट्टी_नंबर_३
नमस्कार मंडळी. संडासचं प्लास्टिकचं भांडं बनवून रायलो. पाच नग काढले, पाचही बेकार. पाणी टाकलं की पाणी सरसर जाते पण माल तिथंच बसून रायते. अख्खी बाल्टी ओतली तेव्हा कुठं सरकते, अन् मागं थर रायतेच. साठ नग दसऱ्याच्या आत द्यायचे हायत, मालक रोज सकाळी येऊन इचारते. पावडर बदलू का उतार वाढवू, एवढंच सांगा. पावडर तशी चांगलीच हाय. फोटो चढवाले गेलो तं नेटवर्क नाई.

खामगावचा_गडी
कोणतं भांडं? बसायचं का खुर्चीवालं? माझ्या बाबांचे गुडघे गेले तं आम्ही सरळ कमोड बसवला, लय आराम. प्लास्टिकची खुर्ची भेटते मधात भोक असलेली, तेही पाहून घे.

भट्टी_नंबर_३
उकिडवं बसायचं. गुडघे ठीक हायत.

डिझाईन_पुणे
थोडी माहिती द्याल का? मटेरिअल कोणतं, भिंतीची जाडी किती, उताराचा कोन किती, ट्रॅप (पाणी अडवणारी वाकडी नळी) कुठला, सरफेस फिनिश काय? थ्रीडी फाईल असेल तर पाठवा, मी सिम्युलेशन लावून बघतो. मोल्ड करण्याआधी थ्रीडी प्रिंट काढून पाहिलं असतं तर पाच नग वाया गेले नसते.

भट्टी_नंबर_३
फाईल नाई सर. पत्र्याचा साचा हाय, इथंच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. कोन मोजला नाई, डोळ्यानं बरोबर दिसते.

काळी_माती
आधी खड्डा सांग खड्डा. आपल्या काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात पाणी पीतच नाई, माती फुगून बसते. खड्डा तुंबला की भांडं कोणतंही लाव, माल जाणारच कसा. आमच्याकडं दोन खड्डे केले, भोवती रेती भरली, तेव्हा कुठं चालू झालं. विहिरीपासून लांब ठेवजो.

भट्टी_नंबर_३
भाऊ खड्डा नाईच अजून. अंगणात ड्रमावर ठेवून पाहून रायलो. खाली मोकळं हाय सगळं.

जुना_जेई
चाळीस वर्षं हेच केलं, म्हणून सांगतो. प्लास्टिकच्या मागे लागूच नका. चिनी मातीचं ग्रामीण भांडं घ्या, तळाचा उतार २५ ते २८ अंश, कोंबड्यात, म्हणजे ट्रॅपमध्ये, पाण्याची पातळी २० मिलिमीटर, दीड-दोन लिटरमध्ये साफ. शहरातल्या भांड्याचा उतार कमी असतो कारण वरून टाकी सुटते. हा फरक ध्यानात न घेता लोक शहरी भांडं खेड्यात बसवतात आणि मग बादल्या ओततात. सिरॅमिक पन्नास वर्षं टिकतं.

रोटोभौ
काका पन्नास वर्षं टिकते पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पन्नास किलोमीटर टिकत नाई. आमच्या गावच्या योजनेत वीस भांडी आली होती, सहा पोचतापोचता फुटली.

जुना_जेई
तणीस नीट घातली नसेल.

रोटोभौ
घातली होती जी. रस्ता तुमच्याच खात्यानं केला होता.

(बरं ते सोडा.) भट्टीभाऊ, तू पहिल्याच पोस्टमधी पावडर म्हणला, दाणा नाई म्हणला. म्हंजे तू रोटो (साच्यात पावडर टाकून भट्टीत फिरवत वितळवणं) करून रायला ना? पाण्याच्या टाकीच्या भट्टीत? हे आधी सांगाले का झालं तुले, हे सगळे इंजेक्शन मोल्डिंग (दाणा वितळवून दाबानं साच्यात भरणं) समजून बोलून रायले. आता सांग, साचा कसा हाय. भांड्याची आतली बाजू, जिथं माल पडते ती, पत्र्याले लागून बनते का हवेकडून?

भट्टी_नंबर_३
हाव, रोटोच. टाकीचाच कारखाना हाय, मी भट्टीवर रायतो. मले वाटलं पावडर म्हणलं की समजते.
साचा असा हाय: मालकाच्या बंगल्यावर एक भांडं उरलं होतं, ते उपडं ठेवून बाहेरून माप घेतलं, त्याचा पत्र्याचा खोल डब्बा केला, वर सपाट झाकण. अडीच किलो एलएलडीपीई (पॉलिथिलीनची पावडर) टाकतो, निघालं की वरचं झाकण करवतीनं कापतो. तं आतली बाजू हवेकडची झाली ना.

रोटोभौ
बस. सापडलं. तुझं भांडं उलटं बनून रायलं.
रोटोत पावडर गरम पत्र्याले चिकटत जाते, म्हून पत्र्याकडची बाजू जशी पत्र्याची पॉलिश तशी येते. हवेकडची बाजू आपोआप जशी जमन तशी. टाकीच्या आतून कधी हात फिरवून पाह्य, संत्र्याच्या सालीवानी लागते. टाकीत चालते, पाण्याले काय फरक. संडासात त्याच खड्ड्यांमधी माल अडकते. वरून कोपऱ्यात पावडर जास्त जमते, तळाले गोलावा भरून येते, म्हंजे साच्यात जेवढा उतार होता तेवढाही आत उरत नाई. अन् साचाच मुळात कशाचा? चिनी मातीच्या भांड्याच्या बाहेरचा. त्याचं बाहेर अन् आत सारखं असते का कधी.

जुना_जेई
आणि बंगल्यावरचं म्हणजे शहरी, मी म्हटलंच होतं. मोबाईलवर कोन मोजायचं असतं ना, ते लावून बघा तळाला. माझं लिहिलेलं कोणी वाचतच नाही.

भट्टी_नंबर_३
मोजला काका. पाचही नगात ११ ते १३ च्या मधात.

सोय_पाहा
मित्रांनो एवढी डोकेफोड कशाला, सॅटोचं नाव ऐकलं नाही का? २०१३ साली बांगलादेशात आणलेलं प्लास्टिकचं पॅन, खाली वजनाची झडप, पाणी-माल पडला की उघडते आणि परत मिटते. लिटरभराच्या आत पाणी, वास नाही, माशी नाही. तेच कॉपी करा.

रोटोभौ
कॉपी करा म्हणजे काय टोमॅटो हाय का. ती झडप पातळ अन् मापात लागते, ते इंजेक्शनचं काम, पॉलिप्रोपिलीनमधी होते. रोटोत दोन मिलिमीटर इकडंतिकडं झालं तं साधं समजते आपण. अन् झडप लागली तं खड्डा बरोबर खाली पाहिजे, पाइप टाकून खड्डा लांब असन तं कोंबडाच बरा. भट्टीभाऊ खड्डा कुठं हाय?

भट्टी_नंबर_३
लांब. जिनिंगच्या मागं मजुरांच्या खोल्या हायत, तिथून वीस फूट पाइप. सिझन झाला की सगळं उचलून दुसरीकडं नेतात, म्हून तं त्यायले प्लास्टिक पाहिजे. कोंबडा बाजारातला काळा घेतला, पीव्हीसीचं सोल्यूशन लावलं भांड्याले तं दोन दिवसात सुटला.

पाइपवाला_यवतमाळ
सुटणारच. पॉलिथिलीनला पीव्हीसीचं सोल्यूशन धरत नाही, एम-सील पण नाही. रबर रिंग लावून दाबून बसव. आणि भांड्याचं नळकांडं कोंबड्याच्या आत गेलं पाहिजे, कोंबडा भांड्याच्या आत नाही. तुझं उलटं असेल तर तिथं कडा येते, त्या कडेवरच सगळं अडतं.

भट्टी_नंबर_३
तेही उलटं हाय 🙏

वाटाणा_वडा
१२,००० चं अनुदान प्लास्टिक भांड्यावर भेटते का? आमच्या साळ्याचं राहिलं आहे.

जुना_जेई
अनुदान घरगुती शौचालयाला असतं, भांड्याला नाही. ग्रामसेवकाला विचारा.

मास्तरीण_दारव्हा
सगळे पुरुष बोलून रायले म्हणून दोन गोष्टी माझ्याकडून. एक, टाकीच्याच काळ्या पावडरचं करत असाल तर करू नका. अंधाऱ्या खोलीत काळं भांडं, विंचू बसला असेल तर दिसेल का? बायका बसणारच नाहीत, शेतात जातील. दुसरं, पाय ठेवायची जागा. ओल्या प्लास्टिकवरून लहान पोरगं घसरतं, आमच्या शाळेत झालंय हे. आत गुळगुळीत पाहिजे आणि पायाखाली खरबरीत. मजुरांत मेळघाटातून येणारी बाळंतीण बाई पण असते, तिचा विचार करून मोकळं करा जरा.

रोटोभौ
ताई बरोबर बोलल्या. काळा रंग उन्हासाठी असते, छताखाली त्याची गरज नाई. भट्टीभाऊ, पांढरी किंवा फिकट निळी कंपाउंड पावडर घे. पायदानाच्या जागी पत्र्यावर सँडब्लास्ट करून घे नाईतं सरळ चेकर्ड पत्रा लाव, जे पत्र्यावर ते भांड्यावर.

भट्टी_नंबर_३
काळीच टाकत होतो. फुकट होती.
तं आता साचा कसा करू ते सांगा ना कोणी. आत पत्रा लागला पाहिजे म्हंजे साच्यात मधात खड्ड्याऐवजी उंचवटा करू का?

रोटोभौ
हाव. नर साचा. भांड्याचं पोट म्हंजे साच्यातला ढिगारा, टोक वर. खालचा भाग बंद डब्ब्यावानी निघन, तो कापून टाक नाईतं ठेव. आता तीन गोष्टी डोक्यात ठेवजो.
पॉलिथिलीन थंड होताना आक्रसते, शेकडा दोन-तीन धर. डब्ब्यात ते पत्र्यापासून सुटते म्हून तुले आतापर्यंत सोपं गेलं. ढिगाऱ्यावर ते उलट आवळून बसन, पैलवानानं कंबर धरल्यावानी. पोटाले २५ अंश उतार दिला की ते आपोआप सुटते, पण खालचं नळकांडं सरळ केलं तं मेला. त्याले किमान तीन-चार अंश निमुळतं कर. अन् गरमच काढ, पूर्ण थंड होऊ देशील तं चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) लावा लागन.
दुसरं, ढिगाऱ्याच्या आत, म्हंजे त्या अरुंद पोकळीत, भट्टीची हवा जात नाई. टोकाले पत्रा थंड रायते, तिथं पावडर चिकटत नाई, भांड्याचं नळकांडं कागदावानी पातळ येते. पोकळीचं तोंड मोठं ठेव, आत हवा वळवाले पत्र्याची पट्टी लाव.
तिसरं फिनिश. ढिगाऱ्याची वेल्डिंग घासून आरशावानी कर.

डिझाईन_पुणे
एक भर घालतो. सिमेंटला पॉलिथिलीन चिकटत नाही आणि ते प्रसरण पण जास्त पावतं, काँक्रीटच्या दहा पटीच्या वर. हिवाळ्यातले दहा अंश आणि तुमचे मे महिन्यातले ४५ धरले तर साडेचारशे मिलिमीटरच्या भांड्यात अडीच मिलिमीटरच्या आसपास फरक येतो. चार सिझनमध्ये कडेला फट पडेल आणि बसल्यावर कुरकुर वाजेल. कडेला खाली वाकलेली पट्टी ठेवा आणि तिला भोकं पाडा, म्हणजे सिमेंट त्यातून जाऊन पकडेल. हे सिम्युलेशनशिवाय सांगितलं 🙂

जुना_जेई
कुरकुर वाजणाऱ्या भांड्यावर माणूस एकदाच बसतो. खालचा बंद डब्बा कापू नका, उलटं करून त्यात वाळू-सिमेंटचा माल भरा, मग जमिनीत बसवा.

रोटोभौ
मग उचलून नेणार कसं काका? सिझननंतर न्यायचं हाय म्हणला ना तो.

जुना_जेई
नुसती वाळू भरा. नेताना सांडून टाका. मी प्लास्टिकच्या विरोधात आहे, पण करायचंच तर नीट करा.

भट्टी_नंबर_३
वाळू चालन. टेस्ट कशी करू पण? पहिल्या पाच नगांची टेस्ट भाच्यानं केली, आता तो नाई म्हणते.

डिझाईन_पुणे
बाहेर यासाठी ठरलेली पद्धत आहे. कॅनडा-अमेरिकेत २००३ पासून कमोडची मॅप टेस्ट होते, त्यात सोयाबीनच्या पेस्टचे गोळे टाकतात आणि एका फ्लशमध्ये किती ग्रॅम जातात ते मोजतात. साडेतीनशे ग्रॅम म्हणजे चांगला. तुमचं हाताने पाणी टाकायचं आहे, पण गोळे तेच वापरता येतील.

काळी_माती
सोयाबीनचा भाव पाहता हेच बाकी होतं.

मास्तरीण_दारव्हा
पेस्ट कशाला, घट्ट पिठलं करा. रात्रीचं, थंड झालेलं. तसंच वागतं ते. तेल कमी घाला, नाहीतर घसरून जाईल आणि तुम्हाला वाटेल भांडं चांगलं आहे.

भट्टी_नंबर_३
(दहा दिवसांनी) मंडळी सांगाले उशीर झाला, साच्यात होतो. नवा नर साचा केला, तळाले २६ अंश, पांढरी पावडर. पहिला नग ढिगाऱ्यावर असा आवळला की खरंच चेन ब्लॉक लावला, फाटला. रोटोभौंनी सांगतलं होतं गरमच काढ, मी जेवाले गेलो होतो. दुसरा गरम काढला, हातात निघाला. आतून हात फिरवला तं स्टीलच्या ताटावानी.
पिठल्याची टेस्ट केली. तीनशे ग्रॅम, दीड लिटर पाणी, एका झटक्यात गेलं, मागं थोडी पिवळी रेघ रायली ती अर्ध्या लोट्यात गेली. मालक उभे होते, त्यायनं स्वतः दुसऱ्यांदा पाणी टाकून पाह्यलं.
नळकांडं अजून पातळच येते, बोटानं दाबलं तं दबते. पट्टी लावली पण भट्टीत पडली. आता पोकळीतून पाइप सोडून गरम हवा मारून पाहतो. साठपैकी चौदा झाले. घरी आईनं बेसनाचा हिशेब मागितला.

रोटोभौ
पाइप नको सोडू, टोक समोरच्या पत्र्याले भिडवून तिथं भोक ठेव, हवा आरपार जाईन. रात्री फोन कर, फॅब्रिकेशनवाल्याले मीच सांगतो.

वाटाणा_वडा
साळ्याच्या अनुदानाचं ग्रामसेवक म्हणते तालुक्याला जा. कोणी गेलं आहे का?