कोणते शरद जोशी? नावात वडिलांचं नाव लिहावं की नको?

पुस्तकवाली: गावच्या वाचनालयात मी दर रविवारी पुस्तकं लावते. परवा 'जोशी, शरद' या एकाच कार्डावर शेतमालाच्या भावावरचं मराठी पुस्तक आणि खाली हिंदी व्यंगलेखांचा संग्रह! एक शरद जोशी साताऱ्याचे, जन्म १९३५. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि पुढे शेतकरी संघटना उभी केली. दुसरे उज्जैनचे, जन्म १९३१. 'नवभारत टाइम्स'मध्ये रोजचं सदर लिहायचे, 'ये जो है ज़िंदगी' ही मालिका त्यांचीच. आमच्याकडच्या एका मुलाने भाषणाच्या टिपणात ही मालिका शेतकरी नेत्याच्या नावावर घातली. त्याची काय चूक? कार्डच तसं होतं.

माझं ठाम मत आहे, पूर्ण नाव लिहा: शेतकरी नेते म्हणजे शरद अनंतराव जोशी. पु. ल. देशपांडे आणि नागपूरचे कादंबरीकार पु. य. देशपांडे, दोघेही पुरुषोत्तम. मधलं एक अक्षर आहे म्हणून घोळ होत नाही.

मिरजकर: ताई, नाही पटत. माणूस ज्या नावाने लिहितो तेच त्याचं नाव. हिंदीतले शरद जोशी आयुष्यभर फक्त 'शरद जोशी' म्हणून छापले गेले. वडिलांच्या नावाने शोधलं तर ते कुणाला सापडणार? त्यापेक्षा काम लिहा. 'संगीतकार राम कदम' म्हटलं की 'पिंजरा' आठवतो, घाटकोपरचे आमदार नाही.

सनईचौघडा: मिरजकर, तुमच्याच राम कदमांचं सांगतो. गणपतीत लावण्यांचा कार्यक्रम बसवताना मोबाईलवर त्यांचा फोटो शोधला, तर पानभर आमदारच. आमच्या पोराने त्यातलाच एक फलकावर लावला. शेवटी तबलजींनी ओळखलं आणि ऐनवेळी उतरवला. ज्या माणसाने १९७२ साली अख्खा महाराष्ट्र नादावला, त्याचा चेहरा पुढच्या पिढीला माहीत नाही, याचं फार वाईट वाटलं. आणि कामाने भागतं कुठे? दोन्ही शरद जोशी लेखकच की! मी ताईंच्या बाजूने.

लेकीचीआई: पूर्ण नाव म्हणजे वडिलांचंच, हे कुणी ठरवलं? १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. बायकांचं तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही लग्नानंतर बदलतं. लग्नाआधीचं पुस्तक एका कार्डावर, नंतरचं दुसऱ्या. तुमची पद्धत तिथे एका बाईच्या दोन बायका करेल.

पुस्तकवाली: लेकीचीआई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अगदी बरोबर. बायकांसाठी वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचा आग्रह मी सोडते. जन्मसाल मात्र बदलत नाही, ते प्रत्येक कार्डावर घालू. मिरजकर, छापलेलं नाव वर ठेवते, पण अनंतराव खाली राहणारच.

मिरजकर: जन्मसाल चालेल. पण अनंतराव कशाला?

पुस्तकवाली: कारण राज्यसभेच्या कागदांत ते त्याच नावाने आहेत. उद्या कुणी तिथून शोधत आमच्या कार्डापर्यंत आलं, तर त्याला ओळख पटली पाहिजे. आज दोन कार्डं वेगळी केली. त्या मुलाचं भाषण शुक्रवारी आहे, त्याला संध्याकाळी बोलावलंय.