इंटरनेटने जोडलेला हॅम रेडिओ पुराच्या दिवशी चालेल का?

मुलुंडची गच्ची
आमच्या हॅम मंडळींत, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांत, एक प्रस्ताव फिरतोय. दहिसर, मुलुंड, कुलाबा आणि खारघरला एकेक लिंक (रेडिओ इंटरनेटला जोडणारं स्टेशन) उभी करायची आणि चारही इंटरनेटने जोडायच्या. म्हणजे मुलुंडवाला हातातल्या ५ वॉटच्या सेटवरून कुलाब्याशी बोलणार. जवळच्या लिंकपर्यंत आवाज हवेतून जाईल, तिथून ब्रॉडबँडवरून पुढच्या लिंकला आणि मग पुन्हा हवेत. यात नवं काही नाही. असंच जोडणारं आयआरएलपी १९९७ पासून चालू आहे, इकोलिंक २००२ पासून.

माझी हरकत एकच. प्रस्तावावर "पावसाळी आपत्तीसाठी" असं लिहिलंय. "गप्पांसाठी" लिहा आणि माझी वर्गणी आजच घेऊन जा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा उपनगरांत वीज गेली होती, मोबाइल लागत नव्हते. आज आमच्या बिल्डिंगमध्ये इंटरनेट येतं कुठून? केबलवाल्याच्या डब्यातून. आणि तो डबा मीटररूमच्या भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर ठोकलाय. वर राउटरला यूपीएस लावा नाहीतर जनरेटर, डबा बुडाला की लिंक मुकी.

लालबाग दुसरा मजला
दादा, तुमच्याकडे गच्ची आहे म्हणून हे सुचतं. आमच्याकडे वर अँटेना लावायचं नाव काढलं तर कमिटी म्हणते, गळती होईल. हातातल्या सेटचा व्हीएचएफ पट्टा साधारण नजरेच्या रेषेत चालतो आणि माझ्या खिडकीसमोर उंच इमारतीचा टॉवर उभा आहे. परीक्षा पास झालो, व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) मिळाला, सीक्यू ("कुणी आहे का?") देत बसलो. उत्तर कोण देणार? मग रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर हॉटस्पॉट (सेट इंटरनेटला जोडणारी घरगुती लिंक) बनवला आणि ब्रँडमायस्टर या इंटरनेटवरच्या हॅम नेटवर्कच्या ४०४ टॉकग्रुपवर, म्हणजे भारताच्या गटात, गेलो. नेटवर (अनेकांच्या सामूहिक बोलण्यात) कसं बोलायचं, निरोप कसा घ्यायचा, सगळं तिथे शिकलो. तुमच्या "खऱ्या" रेडिओत मला जागा होती कुठे?

मुलुंडची गच्ची
हॉटस्पॉटला कोण नाही म्हणतंय? माझं भांडण त्या "आपत्ती" शब्दाशी आहे.

जुना रिपीटरवाला
लिंकचा आणखी एक त्रास कोणी बोलत नाही. जोडलेल्या रिपीटरवर (आवाज पकडून पुन्हा जोरात हवेत सोडणाऱ्या स्टेशनवर) बाहेरचे लोक तासन् तास हवापाण्याच्या गप्पा मारत बसतात आणि लोकल माणसाला शिरायला जागा राहत नाही. डीएमआर हा डिजिटल प्रकार असेल तर निदान दोन टाइमस्लॉट, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन वाटा, मिळतात, एक बाहेरच्यांना द्या, एक शहराला ठेवा. साध्या एफएमला ती सोय नाही.

आणि नवीन मुलांनो, लिंकवर पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्या दाबल्या बोलू नका. दाबा, सेकंदभर थांबा, मग बोला. नाहीतर कॉलसाइनचं "व्हिक्टर" गिळलं जातं आणि समोरच्याला नुसतं "युनिफॉर्म थ्री" ऐकू येतं. समोरच्याचं संपल्यावरही फट सोडा. कुणाला मध्ये शिरायला "ब्रेक" म्हणायचं असेल तर त्याच फटीत म्हणता येतं. पुरात ही सवय नसेल तर कसली लिंक आणि कसलं काय.

पनवेल_७३
मुलुंडकर, तुम्ही एकच बाजू बघताय. पूर सगळीकडे एकदम येत नाही. वीजही तशीच: १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईचं वीजग्रिड बसलं, लोकल जागच्या जागी थांबल्या, पण देशभर अंधार नव्हता. मदत बाहेरून यायची असते आणि बाहेरपर्यंत तुमचा ५ वॉटचा सेट पोचत नाही. शिवाय इंटरनेटच हवं असं कुठे आहे? ऑलस्टार या लिंकच्या सॉफ्टवेअरला कुठलंही आयपी नेटवर्क मिळालं की पुरे. दोन उंच गच्च्यांवर ५ गिगाहर्ट्झच्या डिश समोरासमोर लावा, बॅटरी द्या, केबलवाला गेला उडत.

मुलुंडची गच्ची
डिशचं पटलं. प्रस्तावात तेच लिहा ना मग! पण बाहेरच्या मदतीसाठी लिंक कशाला हवी? नागपूरशी बोलायला दिवसा ७ मेगाहर्ट्झचा लांब पल्ल्याचा पट्टा आहे. मधे ना केबल, ना सर्व्हर.

लालबाग दुसरा मजला
७ मेगाहर्ट्झच्या डायपोल अँटेनाला २० मीटर तार लागते. कुठे बांधू, गॅलरीत? तिथे आधीच चार घरांचे कपडे वाळतायत.

जुना रिपीटरवाला
भांडत बसण्यापेक्षा करून बघा. एका रविवारी सकाळी सगळ्यांनी राउटर बंद करायचे, रिपीटरही नाही, नुसतं सिम्प्लेक्स, म्हणजे सेट ते सेट थेट. कोण कोणाला ऐकतो ते वहीत लिहायचं. नकाशा आपोआप तयार होईल आणि डिश कुठे लावायच्या तेही कळेल.

लालबाग दुसरा मजला
राउटर बंद केला की मी कुणालाच ऐकू येणार नाही. वहीत "लालबागला स्टेशन नाही" असं लिहू नका म्हणजे झालं.

मुलुंडची गच्ची
"स्टेशन आहे, पोचत नाही" असं लिहितो. आणि शनिवारी ठेवू या. रविवारी मेगाब्लॉक असतो, खारघरवाले उंच जागी पोचायचेच नाहीत.