वाफसा म्हणजेच फील्ड कपॅसिटी का?

शब्दवेडी
जमिनीचा कस टिकवण्यावरच्या एका संशोधन अहवालाचं मराठी करतेय. कृषी, स्थापत्य आणि सूक्ष्मजीवशास्त्र, तिन्हीकडची मंडळी त्यात आहेत. 'फील्ड कपॅसिटी'ला मी सरळ 'वाफसा' (मशागत-पेरणीजोगी ओल) लिहिलं. कृषीवाले खूश, स्थापत्यवाल्यांनी लाल रेघ मारली. शिवाय वाफसा की वापसा? दोन्ही छापलेलं दिसतं.

ढेकूळ
ताई, लाल रेघ बरोबर आहे. रान पुरतं भिजल्यावर जास्तीचं पाणी दोन-तीन दिवसांत निचरून जातं, मग मातीत उरते ती फील्ड कपॅसिटी. प्रयोगशाळेत ती बहुधा ३३ किलोपास्कल दाबाला मोजतात आणि टक्क्यांत लिहितात. वाफसा टक्क्यांत नसतो. तो येतो आणि जातो. आमच्या मुरमाड तुकड्यात दुसऱ्या दिवशीच येतो, काळ्या रानात चार-पाच दिवस वाट बघायला लावतो आणि कडक ऊन पडलं की हातचा जातो. आजोबा मूठभर माती दाबून गोळा करायचे नि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचे. फुटला तर औत धरायचं, चपटा होऊन बसला तर बैल परत गोठ्यात. घाई केली की वाळल्यावर अशी ढेकळं निघतात की कुळव उड्या मारतो. (टोपणनाव तिथूनच आलंय.)

पायाभरणी
आजोबांचा गोळा आम्हाला इंजिनिअरिंगला शिकवतात! ओल्या मातीची वळी काचेवर वळत न्यायची. ३ मिलिमीटर जाडीला ती तुटायला लागली की तेवढी ओल म्हणजे प्लॅस्टिक लिमिट. ही कल्पना स्वीडनच्या अ‍ॅटरबर्ग यांची, १९११ ची, आणि गंमत म्हणजे ते शेतीच्याच मातीवर काम करत होते. आम्ही ती नंतर उचलली. आता मुद्दा असा, की भारी काळ्या मातीत फील्ड कपॅसिटीची ओल बरेचदा या मर्यादेच्या वर असते. म्हणजे तक्त्यात सगळं ठीक, पण ट्रॅक्टर घातला तर रान दडपलंच. मशागतीचा वाफसा प्लॅस्टिक लिमिटच्या जवळपास, किंचित खालीच.

शब्दवेडी
मग ठिबकवाले 'मुळाशी कायम वाफसा ठेवा' म्हणतात ते चूक?

ढेकूळ
चूक कसं म्हणू? अर्थ सरकलाय. तिथे औत नाही, मुळं आहेत. पाणीही हवं आणि श्वासाला हवाही. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांनी आपल्या पद्धतीत बीजामृत, जीवामृत, आच्छादन यांच्या जोडीला वाफसा ठेवला तोही याच अर्थाने. आंध्रातल्या नैसर्गिक शेतीवरच्या इंग्रजी कागदांतही आपला वाफसा रोमन लिपीत तसाच बसलाय.

जुनी पोथी
लेखनाबद्दल. बहुतेकांना त्यात 'वाफ' दिसते. मला विचाराल तर 'वप्', म्हणजे पेरणे, हे मूळ जास्त पटतं. भाजीचा वाफाही त्याच घरचा असावा. पेरणीजोगी ओल हा अर्थही मग सरळ लागतो. तरी छापताना 'वाफसा'च ठेवा, रुळलाय तो. बोलताना आम्ही 'वापसा'च म्हणतो. आणि कृपा करून 'वाफस्यावर' नको, 'वाफशावर'.

शब्दवेडी
ठरलं. मशागतीच्या प्रकरणात वाफसा, तक्त्यात 'निचऱ्यानंतरची ओल'. सूक्ष्मजीववाल्यांचं उत्तर अजून यायचंय.

ढेकूळ
चालेल. फक्त 'क्षेत्रक्षमता' लिहू नका, लोक गुंठे मोजायला बसतील.