कारवानी की लॅब्रडॉर? सोलापूरच्या घरासाठी सल्ला हवा

ओसरी:
घरात कुत्रं आणायचं नक्की झालंय, कोणतं यावर मात्र एकमत होत नाही. आम्ही सोलापूरला शहराबाहेर बैठ्या घरात राहतो. पुढेमागे अंगण, चार फुटी कंपाउंड. घरात सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात), आम्ही दोघं नोकरीवाले आणि दुसरीतला मुलगा. शेजारच्या काकूंच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात. मुलाला लॅब्रडॉर हवाय. करमाळ्याकडच्या माझ्या मामांकडे कारवानी (आपल्याकडची सडपातळ शिकारी कुत्री) आहेत आणि ते पिल्लू द्यायला तयार आहेत. इथला मे महिना म्हणजे पारा ४२-४३ वर, त्यामुळे माझा ओढा कारवानीकडे. ज्यांनी यांतलं कुठलंही सांभाळलंय त्यांनी हातचं न राखता लिहा.

माळावरचा:
ताई, कारवानीच आणा. दख्खनच्या माळरानावर, धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर घडलेली ही जात. तोकडे केस, उंच पाय, खोल छाती, अंगावर चरबी नावालाही नाही. भर दुपारी सावलीत माती उकरून पडेल आणि ऊन उतरलं की पुन्हा ताजं. लॅब्रडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांबरोबर गार पाण्यात उतरायचे. अंगावरचा केसांचा दुहेरी थर तिथून आलेला. तो आपल्याकडे उन्हाळाभर फरशीवर धापा टाकत पडतो. कारवानीलाच मुधोळ हाउंड, म्हणजे मुधोळचं शिकारी कुत्रं, असंही म्हणतात. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली, २००५ साली मुधोळ हाउंडचं टपाल तिकीट निघालं, लष्करानेही ती मेरठला नेऊन शिकवली. आणि लातूर-सोलापूरकडची माणसं मात्र घरात कुत्रं म्हटलं की लॅब शोधत पुण्याला जातात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

सकाळची_फेरी:
उन्हाचा मुद्दा मान्य. पण ताईंनी घरातली माणसंही सांगितली आहेत, ती बघा ना. दुपारी सासूबाई एकट्या. दार उघडलं आणि समोरून कोंबडी पळाली, तर? कारवानी नजरेने शिकार हेरणारं कुत्रं आहे, पळतं काही दिसलं की त्याला मागची हाक ऐकू येत नाही. पट्टा सासूबाईंच्या हातात असेल तर त्या तोंडावर पडतील. लॅबला शिकाऱ्याने पाडलेले पक्षी अलगद तोंडात धरून परत आणायला तयार केलंय, माणसाकडे बघत काम करणं त्याच्या रक्तात आहे. माझे वडील अर्धांगवायूतून उठत होते तेव्हा आमचा लॅब त्यांच्या काठीच्या गतीने चालायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. घरी म्हातारं माणूस असेल तर मी दुसऱ्या कुठल्याही जातीचं नाव घेणार नाही.

माळावरचा:
तुमचा लॅब तेव्हा वयाने पोक्त असणार. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंतचा लॅब तुम्ही विसरलात का? तीस किलोचा तो दांडगोबा प्रेमाने अंगावर उडी घेतो. दुखऱ्या गुडघ्यांना कारवानीच्या ओढीइतकाच त्याचा धोका. कारवानी घरात शिरला की एका कोपऱ्यात गप्प पडून राहतो, उगाच भुंकत नाही, केसही फार गाळत नाही. पिल्लू लहानपणापासून कोंबड्यांत वाढलं तर घरच्या कोंबड्यांना सांभाळून घेतं. आमच्याकडे घेतलंय.

दवाखाना_तालुका:
मी पशुवैद्य आहे. कोंबड्यांबाबत माळावरचा यांच्याशी असहमत. काही कारवानी सांभाळून घेतात, पण शेजारणीच्या कोंबड्या या भरवशावर सोडू नका. दुसरं म्हणजे कंपाउंड. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी ६८ ते ७४ सेंटिमीटर भरतो, चार फुटांची भिंत त्याला अडवत नाही. सहा फूट लागेल.

कारवानी नेलात तर नसबंदीच्या वेळी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. अशा सडपातळ हाउंडच्या शरीरातून थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध लवकर उतरत नाही, दुसरं औषध निवडावं लागतं.

लॅबची दुखणी वेगळी, आणि दवाखान्यात मला तीच जास्त दिसतात. खुब्याचा सांधा नीट न बसणं आणि लठ्ठपणा, दोन्ही एकमेकांना वाढवतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की बऱ्याच लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकात बदल असतो आणि त्यांची भूक भागत नाही. म्हणजे तो केविलवाणं बघतो तेव्हा त्याला खरोखर भूक लागलेली असते, तरीही द्यायचं नाही. आजी दिवसभर घरी असतील आणि हात सढळ असेल तर हे फार अवघड जातं. गोचीडताप मात्र जात बघून येत नाही.

रानवाट:
सगळे सासूबाईंबद्दल बोलताहेत, कुत्र्याबद्दलही बोला. कारवानीला रोज मोकळं सुटून धावायला मिळालं पाहिजे, पट्ट्यावरची चक्कर पुरत नाही. दोघं नोकरीवाले, आजींचे गुडघे असे, मग धावायला नेणार कोण? दिवसभर साखळीला बांधलेले कारवानी मी पाहिलेत, ते बघवत नाही. आणि धावायला मिळावं म्हणून कुणी त्याला सशामागे सोडायला सांगितलं तर ऐकू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

गल्लीतला_दोस्त:
दोन्ही नको. गल्लीतलंच एखादं शांत, वयात आलेलं गावठी कुत्रं घ्या. ऊन सोसतं आणि स्वभाव आधीच कळलेला असतो.

ओसरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. कंपाउंड सहा फुटी करणं यंदा जमणार नाही, आणि संध्याकाळी सातच्या आधी आम्हा दोघांपैकी कुणीही घरी नसतं. रानवाट यांचा प्रश्न वाचून मी गप्प झाले. मामांचं पिल्लू आणणार नाही. लॅबवर सासूबाई राजी आहेत, उन्हाळ्यात कूलर त्यांच्या खोलीत असतोच, तोही तिथेच राहील. गावठीचंही घरात बोलते, मुलगा ऐकतोय का बघू.

सकाळची_फेरी:
छान. नोंदणी असलेल्या ब्रीडरकडूनच घ्या. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, कुणी देऊ केलं तर तिथून परत फिरा. पिल्लाची आई समोर बघा आणि आईबापाच्या खुब्यांचा एक्स-रे मागा. जेवण मोजून द्यायचं काम एकाच माणसाकडे ठेवा. मे महिन्यात फिरवणं पहाटे, नाहीतर अंधार पडल्यावर.

माळावरचा:
मला अजूनही पटलेलं नाही. भिंत वाढवता येते, सोलापूरचं ऊन कमी करता येत नाही. पण घर तुमचं, निर्णय तुमचा. मामांचं पिल्लू कुणाला दिलेलं नसेल तर त्यांना माझं नाव सांगा. आमच्या मळ्याला चारी बाजूंनी उंच जाळी आहे आणि जुनी कुत्री आता थकली आहे.