नाशिकमध्ये पहिलं घर: हप्ता जमेल, पण सुरुवातीचे तेरा लाख कुठून आणायचे?

अंबडकर
नाशिक स्वस्त आहे असं ज्याला त्याला वाटतं. मुंबईचा पगार घेणाऱ्याला असेलही, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या पगारावर घर चालवणाऱ्याला नाही. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीला, मिळून महिन्याला पंच्याहत्तर हजार येतात. पाथर्डी फाट्याला काम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके बघितला. जाहिरातीत 44 लाख 50 हजार. ऑफिसात बसल्यावर कोटेशनचा कागद पुढे आला. पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, वरच्या मजल्याचे वेगळे, असं करत आकडा 47 लाखांवर गेला.

खरा फटका तिथे बसतो. घर 45 लाखांच्या आत आणि कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, 90 चौरस मीटरच्या आत असेल तर जीएसटी 1 टक्का, नाहीतर 5 टक्के. पार्किंग वगैरे सगळं त्या 45 लाखांत मोजतात. म्हणजे जीएसटीच 2 लाख 35 हजार झाला. एकूण 49 लाख 35 हजारांवर बँकेचं 80 टक्के कर्ज, आपले 9 लाख 87 हजार. मुद्रांक शुल्क, 1 टक्का स्थानिक कर धरून, सहा टक्के लावलं तर 2 लाख 82 हजार आणि नोंदणीचे 30 हजार, हे कर्जात बसत नाहीत. सगळे मिळून तेरा लाख रोख. कपाटं, पंखे, किचन ट्रॉली अजून यात नाहीच.

हप्ता आम्ही ओढू. पण भाडं भरत भरत तेरा लाख साठवायचे, आणि तोवर भाव तिथेच थांबणार नाही. माझं ठाम मत आहे की पहिल्या घराला मुद्रांक शुल्क माफ झालं पाहिजे, आणि 2019 पासून तिथेच असलेली 45 लाखांची मर्यादा वाढली पाहिजे.

पवननगर
भाऊ, हिशेब बरोबर आहे, पण घर चुकीचं निवडलंय. नव्या इमारतीचा हट्ट कशाला? भोगवटा दाखला, म्हणजे राहायला परवानगी, मिळालेल्या जुन्या फ्लॅटला जीएसटीच लागत नाही. कर्ज 30 लाखांच्या आत असेल तर बँक 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते. वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत. तीस-बत्तीस लाखांत जुना वन बीएचके बघा, तुमचे तेरा लाख निम्म्यावर येतील. आमच्या वडिलांनी सिडको या सरकारी महामंडळाच्या योजनेतलं घर घेतलं तेव्हा एक खोली आणि मोरी होती. पुढचं सगळं हळूहळू वाढवलं. पहिल्याच घरात सगळं हवं म्हटलं तर कोणत्याच शहरात जमणार नाही.

अंबडकर
दादा, सिडकोतली घरं आधी तीच बघितली. तुम्ही म्हणता तसं प्रत्येकाने वाढवलंय, आणि तिथेच अडतं. बँकेचा माणूस येतो, मंजूर नकाशा मागतो आणि नकाशात आहे तेवढ्याच बांधकामाचं मूल्य धरतो. मालक मात्र वरच्या खोल्यांचेही पैसे मागतो. मधला फरक रोख द्यायचा. पुन्हा रोखच!
वडिलांना जमलं, कारण सिडकोने ती घरं कामगाराच्या खिशाकडे बघून बांधली होती. आज तसं कोण बांधतंय?

कॉलेजरोड
मला हा अट्टहासच पटत नाही. 39 लाख 48 हजारांचं कर्ज, आठ टक्के, वीस वर्षं, हप्ता 33 हजार. पहिल्या महिन्यात त्यातले 26 हजारांहून जास्त नुसतं व्याज. तसाच फ्लॅट तुम्हाला तेरा-चौदा हजार भाड्यात मिळेल. उरलेले दरमहा बाजूला टाका. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटही मिळत नाही. भाडं वाया जातं म्हणता, मग व्याज कुठे जातं?

इंदिरानगरची आई
दादा, तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि शाळेचं वर्ष त्याला जुळत नाही. आमच्या घरमालकांनी मुलाचं लग्न ठरलं म्हणून जानेवारीत घर खाली करायला सांगितलं. लेकीची रिक्षा बदलली, शिकवणी सुटली, गॅसचा पत्ता बदलण्यापासून सगळं पुन्हा. नव्या घरी डिपॉझिट वाढलं, दलालाला पुन्हा एक भाडं. भिंतीत खिळा ठोकायलाही विचारावं लागतं. हे व्याजाच्या कोष्टकात कुठे लिहायचं? अंबडकर भाऊ, लहान घ्या, लांब घ्या, पण घ्या.

मखमलाबाद
शुल्कमाफीला माझा विरोध आहे. 2020 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क 5 वरून 2 टक्क्यांवर आणलं होतं, पुढे मार्च 2021 पर्यंत 3 टक्के. नोंदणीला गर्दी उसळली. पण दुसरं-तिसरं घर घेणाऱ्यालाही तीच सवलत मिळाली. गिऱ्हाईकाच्या हातात पैसे उरतात हे कळलं की विकणारा भाव सोडत नाही. समृद्धी महामार्ग पूर्ण झालाय, सिंहस्थ तोंडावर आलाय. आमच्याकडे जमिनीची चौकशी करायला येतात त्यांतले बरेच इथे राहणारेच नसतात. आधी त्यांना आवरा.

अंबडकर
म्हणूनच मी "पहिल्या घराला" म्हणालो. ज्याच्या नावावर राज्यात कुठेच घर नाही त्यालाच द्या. पंतप्रधान आवास योजनेत देशात कुठेही पक्कं घर नसावं अशी अट आहेच, म्हणजे तपासणी अशक्य नाही. पण त्याच योजनेच्या व्याज सवलतीला घराची किंमत 35 लाखांच्या आत लागते. पवननगर दादांचा वन बीएचके त्यात बसेल, हे मान्य. पण आई-वडील, आम्ही आणि दोन मुलं वन बीएचकेत किती वर्षं काढणार?

माळेगाव शिफ्ट
सगळे कर्ज मिळेल असं धरून बोलताय. मी सिन्नरला कंत्राटी कामगार आहे. काम तेच, मशीन तेच, पण ठेकेदार बदलला की पगाराची स्लिप दुसऱ्या नावाची. बँकेत दरवेळी सलग नोकरीचा पुरावा मागतात. मला माफी दिलीत तरी उपयोग नाही. माझ्यासारख्याला एकच दार आहे, ते म्हाडाचं. 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात 20 टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची आणि म्हाडामार्फत द्यायची असा नियम आहे. पाथर्डी, आडगाव, म्हसरूळकडे एवढे मोठे प्रकल्प उभे राहिले, त्यातली ती घरं किती झाली आणि कुणाला मिळाली, याची प्रकल्पवार यादी महापालिकेने लावावी. मुद्रांक शुल्कावर भांडण्याआधी ही यादी मागूया. अंबडकर भाऊ, तुम्ही सोबत याल का?

अंबडकर
येतो. अर्ज तुम्ही लिहा, माहिती अधिकारात टाकू. पण शुल्काचा मुद्दा मी सोडत नाही.