‘कॅलिबर’साठी ‘नळीचा व्यास’ चालेल का?

मूळ प्रश्न
अमेरिकेतील पिस्तुलांच्या इतिहासावरील एक लेख मी मराठीत आणत आहे. फिलिपिन्समध्ये मोरो या तेथील मुस्लिम समाजाच्या लढवय्यांपुढे .३८ ची (हा आकडा इंचांत) रिव्हॉल्व्हर अपुरी पडली, म्हणून १९११ मध्ये लष्कराने .४५ चे कोल्ट पिस्तूल स्वीकारले आणि १९८५ मध्ये ते बाजूला ठेवून ९ मिलिमीटरचे बेरेटा घेतले, इथपर्यंत ‘नळीचा व्यास’ हा शब्दप्रयोग निभावला. पुढे १९८६ मध्ये मायामीतील चकमकीत एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेचे दोन अधिकारी मारले गेले, ती संस्था १० मिलिमीटरच्या काडतुसाकडे वळली आणि १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन हे काडतूस आले. या दोन्ही काडतुसांच्या गोळीचा व्यास एकच आहे, आखूड झाले ते केवळ काडतुसाचे कवच. मग ‘कॅलिबर बदलले’ हे वाक्य मी मराठीत कसे लिहावे?

प्रतिसाद १
तापमान, वायुमान यांच्या धर्तीवर ‘नळीमान’ हा शब्द घडवावा, असे मी सुचवतो. आपण नवे शब्द घडवण्याचा आळस करतो आणि मग मराठीत शब्दच नाहीत अशी तक्रार करतो. नळी आणि मान हे दोन्ही शब्द सातवीतल्या मुलालाही ठाऊक असतात.

प्रतिसाद २
‘नळीमान’ने मूळ अडचण सुटत नाही, कारण त्यातही नळीच मोजली जाते. .३८ स्पेशल या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचांची असते आणि म्हणूनच ती काडतुसे .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतात. ९ मिलिमीटरची गोळी .३५५ इंचांची, म्हणजे जवळजवळ तेवढीच, तरीही ही दोन काडतुसे अगदी वेगळी आहेत. हे आकडे माप कमी आणि नाव अधिक आहेत. माझे वडील पोलीस खात्यात होते. ते ‘थ्री नॉट थ्री’ म्हणत, ‘नाइन एमएम’ म्हणत, परंतु ‘कॅलिबर’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. आपण सरळ ‘.४० चे काडतूस आले’ असे लिहावे.

प्रतिसाद ३
‘बोअर’ला कोणी का विचारत नाही? आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक घेणारा प्रत्येक जण ‘ठासणीची’ आणि ‘बारा बोअरची’ हा भेद जाणतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते. कानपूरच्या कारखान्यातील .३२ चे रिव्हॉल्व्हर सामान्य परवानाधारकाला मिळते आणि ९ मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही, हा फरकही आपल्याकडे ‘प्रोहिबिटेड बोअर’ या शब्दांतच सांगितला जातो.

प्रतिसाद २ चे उत्तर
बारा बोअरचे गणित पिस्तुलाला लावल्यास वाचक उलटाच अर्थ घेईल. परवान्याची भाषा परवान्यापुरती ठीक आहे.

प्रतिसाद ४
‘कॅलिबर’ हा शब्द मराठीत कधीच रुळला आहे. ‘त्या कॅलिबरचा वकील’ असे आपण सहज म्हणतो. त्यासाठी ‘वकूब’ हा शब्द असताना ही उसनवारी मला खटकते, पण ती झाली आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. खरी अडचण अशी की या लाक्षणिक अर्थामुळे वाचक मोठे कॅलिबर म्हणजे सरस असे धरून चालतो. एफबीआय मात्र गेल्या दशकात पुन्हा ९ मिलिमीटरकडे आली, कारण गोळ्यांची रचना सुधारली होती, धक्का कमी बसल्याने दुसरा नेम लवकर सावरत होता आणि पिस्तुलाच्या खोक्यात (मॅगझिनमध्ये) काडतुसे अधिक मावत होती. प्रश्न विचारणाऱ्या लेखिकेने ही कारणे वाक्यातच गुंफावीत, म्हणजे शब्द कोणताही असला तरी गैरसमज होणार नाही.

प्रतिसाद ५
बहुतेक कोशकार ‘कॅलिबर’चे मूळ अरबी ‘कालिब’ म्हणजे साचा या शब्दात शोधतात. मग आपण ‘साचा’च का वापरू नये? १० मिलिमीटर आणि .४० यांचा व्यास एक असला तरी साचे दोन आहेत.

प्रतिसाद १ चे उत्तर
‘नळीमान’ने अडचण सुटत नाही म्हणून तो नाकारायचा आणि अरबी मुळावरून ‘साचा’ आणायचा, हे मला मान्य नाही. साच्यात गोळी ओततात. साच्यातून ती झाडत नाहीत.

प्रतिसाद ५ चे उत्तर
व्युत्पत्तीने अर्थ बांधला जात नाही, हे मलाही मान्य आहे. पण मूळ परके म्हणून शब्द नाकारायचा, तर ‘काडतूस’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्दही आपल्याला सोडावा लागेल. तो सोडायला आपण तयार आहात का?